पदवीच्या तसबिरीचें मोल

राजापुराकडील जुन्या घरांत ओटीवरून माजघराकडे जातांना दाराच्या वरच्या अंगास तसबिरींची एक ओळ पुष्कळदां दृष्टीस पडते. ओळीच्या मध्यभागीं बहुधा रविवर्म्याची लक्ष्मी अथवा सरस्वती असते. तिच्या एका बाजूस दत्तात्रेय, दुसऱ्या बाजूस लोकमान्य. आणि या पंक्तींत, देवांपेक्षांहि आकारानें मोठी, सोनेरी मुलाम्याच्या रुंद चौकटींत बसविलेली, काळ्या झग्यांतील एका तरुणाची तसबीर असते. डोक्यास पगडी, खांद्यांवरून पाठीकडे गेलेलें हूड, उजव्या हातांत गुंडाळलेला कागद, डावा हात उंच तिपाईवरील जाड पुस्तकांवर. जवळ जाऊन पाहिलें तर तसबीर कागदावर नसून कापडावर आहे, कापडाचे धागे मोजतां येतात, आणि तरीहि चेहरा चित्रकारानें काढल्यासारखा न दिसतां छायाचित्रासारखा दिसतो, असें आढळून येतें. पाहणारा गोंधळतो. हें चित्र म्हणावें कीं फोटो?

अलीकडे या गोंधळास व्यवहाराचें रूप आलें आहे. घरांत वर्षाचे अकरा महिने कुलूप असतें. वारस मुंबईस, पुण्यास आणि समुद्रापलीकडे असतात. आणि एके दिवशीं घराची वाटणी अथवा विक्री ठरते. तांब्यापितळेचीं भांडीं वजनावर जातात, सागवानी तुळया व खांब मापावर जातात, कलमांच्या बागेचा भाव गांवांत सर्वांस ठाऊक असतो. गाऊनमधील पणजोबांना मात्र तराजू नाहीं. जुन्या वस्तूंचा व्यापारी चौकट उलटसुलट करून पाहतो, मुलाम्यावर नख ओढतो, आणि भाव सांगतो तो चौकटीचा. एक वारस म्हणतो कीं शंभर वर्षांवरचें तैलचित्र आहे, लाखांनीं जाईल. दुसरा म्हणतो कीं जुना फोटो मोठा करून रंगविलेला आहे, मुलांनीं हवा असल्यास न्यावा. दोघांसहि आपण काय पाहत आहों हें ठाऊक नसतें. तेव्हां अशा तसबिरीचें मोल ठरवावयाचें कसें, याचा थोडा विचार करणें अस्थानीं होणार नाहीं.

मोल ठरविणारा जाणता मनुष्य पांच गोष्टी विचारतो: वस्तु काय आहे, ती कोणीं केली, ती कोणाची आहे, ती कोणत्या स्थितींत आहे, आणि ती कोणास हवी आहे. आमच्याकडे शेवटचा प्रश्न आधीं विचारला जातो व बाकीचे चार विचारलेच जात नाहींत. वस्तु काय आहे हें कळण्यास थोडें मागें जावें लागेल.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजीं झाला. त्याच वर्षीं जमशेटजी जीजीभाईंच्या देणगींतून निघालेली कलाशाळा मुंबईंत सुरू झाली. आणि त्याच वर्षीं अमेरिकेंत डेव्हिड वुडवर्ड नांवाच्या एका चित्रकारानें उन्हाच्या साह्यानें लहान छायाचित्र मोठें करण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. पदवी देणारी संस्था, रंगविणारे हात तयार करणारी शाळा आणि तसबीर वाढविणारें यंत्र हीं तिन्ही एकाच वर्षाचीं असावीं हा केवळ योगायोग आहे, त्यांत कोणी विधिसंकेत शोधूं नये. परंतु आमच्या तसबिरीची कुंडली मांडावयाची तर ती येथूनच मांडावी लागते.

विद्यापीठाची बी. ए. ची पहिली परीक्षा १८६२ सालीं झाली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर होत. यांपैकीं भांडारकर मालवणास जन्मलेले व रत्नागिरीच्या शाळेंत शिकलेले. म्हणजे दक्षिण कोंकणचा या पदवीशीं संबंध अगदीं पहिल्या दिवसापासूनचा आहे. पण हा संबंध सुलभ होता असें मात्र कोणी समजूं नये. सबंध रत्नागिरी जिल्ह्यांत कॉलेज निघालें तें १९४५ सालीं, रत्नागिरीस. तोंपर्यंत राजापूरच्या मुलास बी. ए. व्हावयाचें तर मुंबईचें एल्फिन्स्टन वा विल्सन, पुण्याचें डेक्कन किंवा १८८५ नंतर फर्ग्युसन, नाहीं तर घाट चढून कोल्हापूरचें राजाराम कॉलेज, एवढ्याच वाटा होत्या. सांगलीचें विलिंग्डन १९१९ सालचें. मुंबईस जावयाचें तर खाडीनें होडींतून जैतापुराकडे उतरावयाचें आणि आगबोटीची वाट पाहत बसावयाचें. पावसाळ्यांत आगबोटी बंद. ज्या राजापूर बंदरांत सतराव्या शतकांत इंग्रजांची वखार होती, त्या बंदराची खाडी पुढें गाळानें भरत गेली. गलबतें अडूं लागलीं आणि तरुण बाहेर पडूं लागले, हा एकाच काळाचा इतिहास आहे.

या वाटेचा खर्च काय होता हें ज्यास कळलें नाहीं त्यास तसबिरीचें मोलहि कळणार नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म याच जिल्ह्यांतील कोतळुकचा. वडील वारल्यावर थोरले बंधु गोविंदराव यांनीं नोकरी धरली. पगार महिना पंधरा रुपये, आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणास पाठवीत. मुरुडचे धोंडो केशव कर्वे एका परीक्षेसाठीं शंभराहून अधिक मैल पायीं चालत साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. मग तितकेच मैल परत. गोखले व कर्वे हे दोघेहि १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. हीं मोठ्या माणसांचीं उदाहरणें आहेत म्हणून तीं लिहिलीं गेलीं. ज्यांचीं चरित्रें झालीं नाहींत अशा घरांतूनहि हाच हिशेब थोड्याफार फरकानें झाला: कोठें बागाईत गहाण पडलें, कोठें आईच्या पाटल्या गेल्या, कोठें धाकट्या भावाची शाळा सुटली. तसबिरींत मात्र एकटाच मनुष्य उभा असतो. गोविंदरावांना गाऊन नव्हता.

आतां अशा घरानें पदवी मिळाल्यावर इतका खर्च करून तसबीर कां करवावी? याला एक साधें कारण असें कीं पदवीदानाचा समारंभ गांवच्या माणसांच्या डोळ्यांआड होई. मुंबईंतील सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीचा दीक्षान्तगृहाचा मंडप १८७४ सालीं पुरा झाला. त्यांतील रंगीत काचा, तेथील रांगा, कुलगुरूंचें भाषण, यांतलें कांहींहि राजापूरच्या आईनें कधीं पाहिलें नाहीं. मुलगा 'पास' झाल्याची तार येई, एवढेंच. तो काय झाला हें दाखविणारी वस्तु म्हणजे ही तसबीर. मुंज आणि लग्न यांस साक्षीदार शेंकड्यांनीं असतात. पदवीस घरचा साक्षीदार ही एक तसबीरच.

छायाचित्राची विद्या मुंबईंत फार लवकर आली. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफीची एक सोसायटी स्थापन झाली व लौकरच एल्फिन्स्टन संस्थेंत या विद्येचा वर्गहि निघाला. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे या विद्येंतील आमच्या लोकांचे पहिले जाणते. पुढें शतकाच्या अखेरीस मुंबईंत स्टुडिओंची रेलचेल झाली. स्टुडिओंत मागें रंगविलेला पडदा असे, त्यावर ग्रीक खांब व दूरचें तळें. तिपाई, पुस्तकें, कुंडी ही सामग्री ठरलेली. गाऊनहि बहुधा भाड्याचा. त्यामुळें निरनिराळ्या घरांतील पदवीधर एकाच तिपाईवर हात ठेवून उभे आहेत असा चमत्कार कोणास आढळला तर त्यानें आश्चर्य मानूं नये. उलट तें टिपून ठेवावें, कारण तिपाई ओळखली म्हणजे स्टुडिओ ओळखला. ज्याचें नांव यादींत आलें नाहीं असाहि एखादा तरुण हातांत कोरा कागद धरून उभा राहिला असेल. फोटोग्राफर प्रमाणपत्र मागत नसे!

मूळ छायाचित्र लहान असे, तळहाताएवढें किंवा जाड पुठ्ठ्यावरील वीतभर उंचीचें. त्याचें भिंतीवरील हातभर चित्र झालें तें कसें, यावर सर्व मोल अवलंबून आहे. म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे. राजापुरांत किंवा महाराष्ट्रांत अन्यत्र 'कॅनव्हासावरील पदवीची तसबीर' या एका नांवाखालीं निदान चार निरनिराळ्या वस्तु दाखविल्या जातात.

पहिली म्हणजे खरें तैलचित्र. चित्रकारापुढें माणूस बसला, किंवा निदान छायाचित्र समोर ठेवून चित्रकारानें कोऱ्या कॅनव्हासावर सर्व आकृति हातानें रेखिली व रंगविली. जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत व्यक्तिचित्रणाचें शिक्षण चांगलें होतें, कोल्हापुरासारख्या संस्थानांत चित्रकारांची परंपराच होती, आणि गिऱ्हाईक धनाढ्य असेल तर असें काम होई. मध्यम घरास हें परवडणें कठीण. अशा चित्रांत भिंगानें पाहिलें तर चेहऱ्यावरहि कुंचल्याचे फटकारे दिसतात, रंगावर रंग चढलेला दिसतो, आणि नाकाच्या सावलींत दोन-तीन रंगांची मिसळ आढळते.

दुसरी वस्तु म्हणजे मोठें केलेलें छायाचित्र, तैलरंगांनीं रंगविलेलें. आमच्या घरांत सर्वांत अधिक आढळणारी व सर्वांत अधिक चुकीनें ओळखली जाणारी वस्तु हीच. वुडवर्डच्या यंत्रांत उन्हाची तिरीप भिंगांतून लहान काचेवर घेऊन तिची मोठी छाया रासायनिक लेप दिलेल्या कागदावर किंवा कापडावर पाडीत. सूर्य हाच दिवा, त्यामुळें काम मंद आणि चित्र अस्पष्ट येई. तें चित्रकारास रेखाटणासारखें उपयोगी पडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत ब्रोमाइडचा लेप प्रचारांत आला. हा लेप इतका तीव्र कीं दिव्याच्या प्रकाशावरहि काम होई. मग असा लेप दिलेलें कापडहि तयार मिळूं लागलें, आणि मोठ्या तसबिरी करण्याचा धंदाच उभा राहिला. कापडावर छायाचित्र उमटवावयाचें, काळा गाऊन जाड रंगानें भरावयाचा, मागील पडदा झांकून टाकावयाचा, आणि चेहऱ्यावर मात्र इतका पातळ रंग द्यावयाचा कीं खालचें सादृश्य बुजूं नये. चेहरा फोटोसारखा आणि कपडे चित्रासारखे कां दिसतात, याचें उत्तर एवढेंच आहे. हें काम हलकें समजण्याचें कारण नाहीं. चेहऱ्यावर रंग किती द्यावा व कोठें हात आंखडावा, हें ज्यास साधलें त्याची तसबीर आजहि सजीव दिसते. ज्यास साधलें नाहीं त्यानें सर्व बी. ए. एकाच गुलाबी गालांचे करून सोडले आहेत.

तिसरी वस्तु शिळाछापाची. रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथून निघालेल्या देवदेवतांच्या चित्रांनीं महाराष्ट्रांतील भिंती भरल्या. त्या चित्रांवर तैलचित्राचा भास व्हावा म्हणून रोगण देत, आणि अशा छापील चित्रांच्या कागदावर कापडाच्या विणीचा ठसाहि उठविण्याची रीत होती. घरगुती पदवीधरासाठीं कोणी इतके दगड घडवीत नसे. परंतु पुढाऱ्यांचीं व विद्वानांचीं चित्रें अशीं छापलीं गेलीं, आणि पुष्कळ घरांत 'आमचे पणजोबा' म्हणून दाखविलेले गृहस्थ प्रत्यक्षांत कोणी सुप्रसिद्ध न्यायमूर्ति निघतात. एका कोपऱ्यांतून विणीकडे नीट पाहावें: ती कागदावर दाबलेली आहे कीं खऱ्या धाग्यांची आहे, हें नखानेंहि कळतें.

चौथी वस्तु आपल्या काळची. संगणकावरून शाईच्या फवाऱ्यानें कॅनव्हासावर छापलेली. घर विकण्यापूर्वीं जुन्या तसबिरीचा फोटो काढून वारसांसाठीं चार प्रती अशा छापून घेतात, ती रीत चांगलीच आहे. घोटाळा होतो तो यांतली एखादी प्रत जुन्या चौकटींत बसल्यावर. भिंगाखालीं तिचे बारीक रंगीत ठिपके दिसतात. काळा गाऊनहि ठिपक्यांचाच. आणि कापड मागून पाहिलें तर पांढरें स्वच्छ. जुनें कापड मागून तपकिरी पडलेलें असतें, तें चुकांनीं लाकडास ठोकलेलें असतें, आणि त्या चुकांचा गंज कापडांत उतरलेला असतो. खरें सांगावयाचें तर तसबिरीची परीक्षा पुढून थोडी आणि मागून फार करावी लागते. चौकट करणाराची चिठ्ठी, स्टुडिओचा शिक्का, शिसपेनीनें लिहिलेलें एखादें नांव किंवा साल, हें सर्व पाठीवरच असतें, आणि नवी चौकट करतांना पहिला बळी त्याचाच जातो.

वस्तु काय आहे हें ठरल्यावर ती कोणाची आहे हा प्रश्न येतो, आणि येथें घरांतील दंतकथा फार फसवितात. बी. ए. चे एल्. एल्. बी. होतात, पहिल्या वर्गाचे सुवर्णपदकवाले होतात. खालचें छायाचित्र कृष्णधवल असल्यामुळें हूडाचा रंग रंगविणारानें अंदाजानेंच दिलेला असावयाचा, आणि त्या अंदाजावर पुढच्या पिढ्यांनीं पदव्या उभारल्या. यास औषध आहे. मुंबई विद्यापीठ दरवर्षीं आपलें कॅलेंडर प्रसिद्ध करीत असे. त्यांत पदवीधरांचीं नांवें सालवार दिलेलीं आहेत. तेथें नांव सांपडलें म्हणजे तसबिरीस साल मिळालें, आणि साल मिळालें म्हणजे पोशाखाशीं तें ताडून पाहतां येतें. पगडी, उपरणें व पुणेरी जोडा ही एक पिढी. पगडी कायम पण पायांत बूट, ही दुसरी. काळी टोपी, गळाबंद कोट, ही तिसरी. आणि मग उघडें डोकें व नेकटाय. गाऊन सर्वांवर सारखाच, पण त्याच्या वरचा व खालचा मनुष्य बदलत गेलेला दिसतो. नांव, साल, स्टुडिओ आणि घर हीं चार जुळलेली तसबीर आणि निनांवी तसबीर यांच्या मोलांत जमीनअस्मानाचें अंतर पडतें. चित्र तेंच असलें तरी.

स्थितीबद्दल राजापुराचें नांव काढतांच काय बोलावें! अर्जुना व कोदवली यांच्या संगमावर वसलेलें गांव. जोराच्या पावसांत बाजारपेठेंत नदीच येऊन बसते. घर उंचावर असलें तरी पावसाळ्याचे चार महिने भिंतीस ओल, कापडास बुरशी, चौकटीस वाळवी, आणि माजघरांतल्या चुलीचा धूर वर्षानुवर्षें. कापड ओलीनें सैल होतें, उन्हाळ्यांत ताणतें, आणि वरचा रंग त्याच्याबरोबर हलूं शकत नाहीं म्हणून तडकतो. याहूनहि मोठें संकट म्हणजे हौशी दुरुस्ती. गणपतीच्या आधीं घर रंगवितांना त्याच रंगाऱ्याकडून पणजोबांचा गाऊनहि 'नवा' करून घेतल्याचीं उदाहरणें विरळा नाहींत. ओल्या फडक्यानें चेहरा पुसणें हाहि त्यांतलाच प्रकार. चेहऱ्यावरचा रंग पातळ असतो हें वर सांगितलेंच आहे. तडे गेलेली पण अस्पर्श तसबीर ही चकचकीत केलेल्या तसबिरीपेक्षां अधिक मोलाची, हें ऐकून यजमानांस विस्मय वाटतो. शास्त्रशुद्ध दुरुस्तीचा खर्च मात्र बाजारभावापेक्षां सहज अधिक होतो, हेंहि आधींच सांगून ठेवणें बरें.

आतां बाजार. रंगविलेल्या छायाचित्रांकडे कलेच्या बाजारानें फार दिवस पाठ फिरविली होती. चित्रकारांस तीं फोटो वाटत, फोटोवाल्यांस चित्रें. गेल्या कांहीं दशकांत भारतीय छायाचित्रांचे संग्रह करणाऱ्या संस्था व व्यक्ति पुढें आल्या, अभ्यासकांनीं या मिश्र कलेवर ग्रंथ लिहिले, आणि ही दृष्टि बदलूं लागली. तथापि संग्राहकास राजेमहाराजे, त्यांचे दागिने आणि झगझगीत पडदे अधिक आवडतात; काळ्या गाऊनमधील कोंकणी बी. ए. त्यास साधा वाटतो. चित्रकाराची सही असेल, स्टुडिओ नामांकित असेल किंवा बसणारा इतिहासांत गेलेला असेल, तरच भाव चढतो. एरवीं मुंबईच्या चोरबाजारांत चौकटीचे पैसे येतात आणि पणजोबा फुकट जातात, ही वस्तुस्थिति आहे. लाखांची आशा धरून बसलेल्या वारसास हें कोणीतरी स्पष्ट सांगावयास पाहिजे.

पण विकणाराचा भाव आणि गमावणाराचा भाव एक नसतो, हें राजापुरास कोणी शिकवावें असें नाहीं. पन्हाळ्याच्या वेढ्यांत इंग्रजांनीं सिद्दी जोहरास तोफांची मदत केली, म्हणून १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं राजापुरावर येऊन त्यांची वखार लुटली व वखारवाल्यांस कैद केलें. त्या नुकसानीची किंमत किती, यावर पुढें तेरा वर्षें घासाघीस चालली होती. वकील आले आणि गेले. इंग्रजांचा आंकडा एक, महाराजांचा दुसरा. अखेर १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या प्रसंगीं हेन्री ऑक्झिंडेन रायगडास आला तेव्हां दहा हजार होनांवर तडजोड झाली. गेलेल्या मालाची यादी हातांत असतांनाहि एका वखारीचा हिशेब ठरण्यास इतकीं वर्षें लागलीं. मग जिची यादीच कोणीं केली नाहीं अशा वस्तूचें काय?

या यादींत एक रकाना दुःखाचाहि आहे. पदवीच्या सगळ्याच तसबिरी पदवीच्या वर्षीं केलेल्या नाहींत. काशिनाथ त्रिंबक तेलंग १८९३ सालीं वारले तेव्हां त्यांचें वय त्रेचाळीस. आगरकर १८९५ सालीं वारले, एकोणचाळिसावें वर्ष संपण्यापूर्वींच. हे नामांकित होते इतकेंच. पदवीधर इतके अल्पायुषी कां होतात, हा प्रश्न त्याच दशकांत रानड्यांस जाहीरपणें मांडावा लागला होता. मागून प्लेग आला. घरांतला शिकलेला मुलगा गेला म्हणजे त्याचें जवळ असलेलें चांगलें छायाचित्र बहुधा गाऊनमधलें असे, आणि मग तेंच मुंबईस पाठवून मोठें करवीत. कधीं तेंहि नसे. तेव्हां एखाद्या समूहचित्रांतलें डोकें घेऊन तें दुसऱ्याच्या गाऊनमधील धडावर बसवीत. मान किंचित् अवघडलेली, डोकें धडाच्या मानानें मोठें, आणि उजेड चेहऱ्यावर डावीकडून व हातांवर उजवीकडून, अशी तसबीर दिसली तर परीक्षकानें ती 'सदोष' म्हणून बाजूस सारण्यापूर्वीं थोडा विचार करावा. विकत घेणाराच्या दृष्टीनें हा दोष आहे. ज्या आईनें ती करवून घेतली तिच्याजवळ मुलाचें दुसरें रूप उरलें नव्हतें.

डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस फिलाडेल्फियास पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या पुण्यास निवर्तल्या. त्यांचें विद्यार्थिदशेंतील, जपानच्या व सिरियाच्या सहाध्यायिनींबरोबरचें छायाचित्र १८८५ सालचें आहे व तें त्या महाविद्यालयाच्या दप्तरांत जपून राहिलें, म्हणून आज जगभर पाहावयास मिळतें. तिघींनीं आपापल्या देशाचा पोशाख केलेला आहे. तें छायाचित्र कोणाच्या माजघरांत असतें तर काय झालें असतें, याची कल्पना न केलेली बरी. राजापुराकडील ओळींत बाईची पदवीची तसबीर जुन्या काळची जवळजवळ सांपडत नाहीं. कर्व्यांचें महिला विद्यापीठ १९१६ सालीं निघालें. त्यापूर्वीं व नंतरहि बराच काळ घरांतल्या बायकांचा भाग पाटल्या देण्यापुरताच होता. म्हणून एखाद्या घरीं पातळ नेसून वर गाऊन घातलेल्या पणजीची तसबीर निघालीच, तर तिचें मोल पणजोबांच्या तसबिरीहून कितीतरी अधिक समजावें, मग बाजार कांहींहि म्हणो.

बाजारभाव आणि मोल यांची फारकत कोठवर जाऊं शकते याचें एक उदाहरण याच जिल्ह्यांतील आहे. डॉ. भीमराव आंबेडकर यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. कोलंबिया विद्यापीठानें १९५२ सालीं व उस्मानिया विद्यापीठानें १९५३ सालीं त्यांस सन्मान्य पदवी दिली. त्या झग्यांतलें त्यांचें चित्र आज कागदावर, काचेवर, कॅनव्हासावर छापून खेड्यापाड्यांतील भिंतींवर गेलें आहे. ६ डिसेंबरास दादरला तें थोड्या पैशांत मिळतें. छपाई साधी, रंग भडक, प्रती अगणित. मोल ठरविण्याच्या नेहमींच्या कसोट्यांनीं त्याची किंमत जवळजवळ शून्य. आणि तरी तें घेऊन गेलेला मनुष्य तें भिंतीवरून उतरवून कोणत्या किंमतीस देईल? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शाळेच्या पायरीशीं उभें राहूं दिलें नाहीं त्यांनीं झगा घातलेला आपला माणूस भिंतीवर लावला, यांत जें आहे तें मोजण्याचें माप जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याजवळ नाहीं. उच्चवर्णीय घरांतील पदवीच्या तसबिरीपुढें उभें राहतांना हेंहि ध्यानांत असावें कीं ज्या काळीं ती भिंतीवर चढली त्या काळीं गांवांतील बहुतेक घरांना भिंतच नव्हती, कूड होता.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षें पुरीं झालेलें चित्र खासगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. अमेरिकेंतील नातवानें पणजोबांना बरोबर नेण्याचा बेत केला असेल तर त्यानें आधीं पुरातत्त्व खात्याकडे जाऊन तसबीर त्या कायद्याखालीं येते कीं नाहीं याचा दाखला मिळवावा. विमानतळावर वाद घालून उपयोग नाहीं. दुसरी गोष्ट वाटणीची. एका तसबिरीवर चार भावांचा हक्क असेल तर मूळ तसबीर जो तिला ओल व धूर यांपासून दूर ठेवूं शकेल त्याकडे द्यावी, आणि बाकीच्यांनीं तिची चांगली छापील प्रत घ्यावी. त्या प्रतीच्या मागें मात्र ती प्रत आहे असें, साल घालून, ठळक लिहून ठेवावें. आणि मूळ तसबिरीची चौकट उघडण्यापूर्वीं पाठीवरच्या मजकुराचाहि फोटो काढावा. घरांत कोणी म्हातारें माणूस असेल तर त्यास खालीं बसवून, हे कोण, यांच्या शिक्षणास पैसे कोणीं दिले, आणि तसबीर कोणत्या सालीं मुंबईहून आली, एवढें विचारून घ्यावें. पावसाळा लागण्यापूर्वीं हें काम उरकावें. जूननंतर राजापुरास भिंतीवरून कांहीं उतरवून उघड्यावर ठेवण्याची सोय नसते.